बाँड पेपरवरचा बाप

एकेकाळी बीड जिल्ह्यातल्या बऱ्याच दवाखान्यांच्या कपाटात माझ्या हातचा एक कागद होता, आणि त्याचा मला भलता अभिमान होता. आज सांगायला लाज वाटते, पण सांगते. लपवून ठेवण्याएवढी मी सोवळी कधीच नव्हते.

गोष्ट त्या दिवसांतली, जेव्हा बीडमध्ये कोपऱ्याकोपऱ्यावर एसटीडीचे पिवळे बोर्ड लागत होते आणि झेरॉक्सच्या दुकानापुढे रांगा असायच्या. मी बायकांची डॉक्टर. दवाखाना टाकून काही वर्षं झाली होती, हात चांगला बसला होता, आणि जिभेलाही धार होती. महिन्यातून एकदा आम्ही डॉक्टर मंडळी एका लॉजच्या हॉलमध्ये जमायचो. जेवण कुठल्या तरी औषध कंपनीकडून असायचं, म्हणून हजेरी उत्तम. त्या महिन्याचा विषय होता परक्याच्या बीजापासून होणारं मूल. नवऱ्यात दोष असेल तर दुसऱ्या पुरुषाचं बीज नळीने बायकोच्या गर्भाशयात सोडायचं, एवढीच ती साधी प्रक्रिया. औरंगाबादेत गोठवलेलं बीज मिळायला लागलं होतं, आणि आमच्यातले दोघं-तिघं गुपचूप हे करतही होते.

करायला सगळे तयार होते. कायदा काय म्हणतो, यावर मात्र जो तो आपलीच टिमकी वाजवायला लागला. एक सर्जन म्हणाले, हा सरळ व्यभिचार आहे, नवऱ्याने उद्या फिर्याद केली तर डॉक्टरसकट सगळे आत. चौसाळ्याच्या डॉक्टरांनी मटणाचा तुकडा बाजूला ठेवून विचारलं, "कायदाच नाही, तर गुन्हा कुठून येईल हो?" सगळ्यात ज्येष्ठ होते त्यांचं म्हणणं असं, की असलं मूल बेवारस धरलं जातं, त्याला आईबापांनी रीतसर दत्तक घ्यायला पाहिजे. म्हणजे बाईने स्वतः जन्म द्यायचा आणि स्वतःच दत्तक घ्यायचं. गर्भलिंग तपासणीवर नवा कायदा नुकताच आला होता. एकाने छातीठोक सांगितलं की त्यात हेही बंद केलंय. मी विचारलं, "वाचलाय का?" म्हणाले, "मेव्हण्याने वाचलाय." आणि एका महाभागाने उपाय सांगितला, की नवऱ्याचं थोडं त्यात मिसळायचं, मग कोणाचं ते ब्रह्मदेवालाही कळणार नाही. त्यावर सगळे पोट धरून हसले.

कायदा आम्हाला माहीत होता तो समन्समधून. पोस्टमॉर्टेमची साक्ष द्यायला कोर्टाच्या बाकावर दिवस घालवायचा, एवढीच आमची ओळख. त्यामुळे कायदा म्हणजे आपल्याला अडकवणारी वस्तू, आणि सुटकेचा मार्ग म्हणजे सही, हे प्रत्येकाच्या डोक्यात पक्कं बसलेलं. मी त्यांच्यात सगळ्यात पक्की. उठून उभी राहिले आणि म्हणाले, "वाद कशाला? नवऱ्याकडून बाँड पेपरवर लिहून घ्या. माझ्या संमतीने उपचार होत आहेत, होणारं मूल माझंच मानीन, पुढे डॉक्टरांविरुद्ध तक्रार करणार नाही. खाली सही नाहीतर अंगठा, दोन साक्षीदार. झालं." आमच्याकडे बाँड पेपरवर उतरलं की माणसाला वाटतं साक्षात ब्रह्मवाक्य झालं. घर विका, म्हैस विका, भावाभावांत बांध वाटून घ्या, बाँड पेपर आलाच. सगळ्यांनी माना डोलावल्या. पुढच्या आठवड्यात मांजरसुंब्यापासून शिरूर कासारपर्यंत माझ्या नमुन्याच्या झेरॉक्स गेल्या. मी आठवडाभर जमिनीवरून दोन बोटं वर चालत होते.

त्याच वर्षी दसऱ्याच्या दोन दिवस आधी शिरूर कासारकडच्या एका गावचं जोडपं आलं. लग्नाला सात वर्षं झालेली. तो उंच, वाळका, कमी बोलणारा. ती त्याच्या निम्म्या उंचीची, पण नजर सरळ. दोघं दरसाल कारखान्याला ऊस तोडायला जायचे. नवरा-बायकोची जोडी म्हणजे मुकादमाच्या भाषेत एक कोयता. तपासण्या आधीच झाल्या होत्या. त्याच्यात बीजच नव्हतं. मी त्याला स्पष्ट सांगितलं, तेव्हा त्याने फक्त विचारलं, "घरी सांगावं लागंल का?" मी म्हणाले, "नाही." घरी थोरला भाऊ होता, गावात किराणा दुकान चालवायचा. त्याने आपला मधला मुलगा यांना दत्तक द्यायचं मनात पक्कं करून टाकलं होतं. यांना ते नको होतं. तिला स्वतःचं लेकरू हवं होतं, आणि त्याला तिचं.

मी बाँड पेपर मागवला, वाचून दाखवला. त्याने अंगठा लावला. माझा कंपाउंडर आणि शेजारचा झेरॉक्सवाला साक्षीदार. अंगठ्याची शाई पुसत तो म्हणाला, "बाई, ह्यात लेकराचं काय लिवलंय?" मी म्हणाले, "तुझंच आहे असं लिहिलंय की. आणखी काय पाहिजे?" त्याने मान हलवली. मी विषय संपवला.

अडचण वेगळीच होती. दसऱ्यानंतर ऊसतोडीची टोळी निघणार. त्याने मुकादमाला शब्द दिलेला, मागे राहणं शक्य नव्हतं. आणि उपचार तर पाळीच्या दिवसांवर, त्यासाठी ती बीडमध्ये हवी. मी क्षणात तोड काढली. अशा तोडी काढण्यात मी पटाईत. "अंगठा झालाय ना, मग तुझं इथे काय काम? तू जा खुशाल. ती इथे बीडातच तिच्या मावशीकडे राहील." त्याची एक विधवा बहीण होती. बायकोच्या जागी तिला घेऊन तो गेला, म्हणजे कोयता पुरा झाला. घरी सांगितलं की बायकोची तब्येत बरी नाही, बीडला दवापाणी चालू आहे.

कार्तिकातला पहिला प्रयत्न फसला. मार्गशीर्षात दुसरा केला. औरंगाबादहून बीज यायचं ते नायट्रोजनच्या डब्यात. कंपाउंडर तो मांडीवर घेऊन एसटीत बसायचा. झाकणातून वाफ निघताना बघून कंडक्टर बिचकला, म्हणाला, "काय हाय बे ह्यात?" हा म्हणाला, "लई थंड औषध हाय." कंडक्टरने सामानाचं तिकीट फाडलं आणि स्वतः पुढच्या दाराशी जाऊन उभा राहिला. त्या डब्यातून आलेल्या बीजाने गर्भ राहिला. तिला सांगितलं तेव्हा ती रडली नाही, हसलीही नाही. म्हणाली, "आता त्यांना कसं कळवू?" मी एसटीडीवरून कारखान्याच्या पत्त्याजवळच्या दुकानात निरोप ठेवला: तब्येत सुधारली. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं.

आता बघा, माझा धंदा काय? महिने मोजायचा. दिवसाला वीस बायकांचे महिने मी बोटांवर मोजते, तारखा काढते, आणि त्या बरोबर येतात. पण ह्या बाईचे महिने गावात दुसरं कोणी मोजेल, हे माझ्या टाळक्यात आलंच नाही. तो दसऱ्याला गेला तो थेट गुढीपाडव्याला परतला. पोरगी झाली भादव्यात, माझ्याच हातून, रडकी आणि गुटगुटीत. आणि बारा दिवसांच्या आत गावाने हिशोब मांडला.

तिसऱ्या आठवड्यात ती पोरीला घेऊन एकटीच आली. पोरीचं वजन केलं, टाके बघितले, सगळं ठीक. मी सहज विचारलं, "नाव काय ठेवलं?" तर म्हणाली, "बारसं झालंच न्हाई. नणंद कानात नाव सांगायला तयार न्हाई." आमच्याकडे पोराचं नाव आत्याने कानात सांगायचं असतं. आत्या नाही म्हणाली म्हणजे बापाच्या घराने मूल नाकारलं, असाच त्याचा अर्थ. थोरल्या दिराने चारचौघांत म्हटलं होतं, आमचा माणूस उसाच्या फडावर असताना हे पोर आलं कुठून. आणि नणंद तर सबंध हंगाम भावाच्या सोबत एका कोपीत, फडावरच्या पाचटाच्या खोपटात, राहिलेली. भाऊ मधे कधी गेलाच नव्हता, हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती.

"मग तुझा नवरा काय म्हणाला?"

"काय म्हनतील? खरं सांगितलं तर पोरीला जलमभर परक्याची म्हनतील. न्हाई सांगितलं तर मला बदफैली म्हनतात. थोरले म्हनतात, हिला माहेरी घाला पोरीसकट. मंगळवारी समदे तुमच्याकडं येणार हायेत इचारायला."

माझा संताप मस्तकात गेला. आणि लगेच धीरही आला, कारण कपाटात कागद होता. "येऊ दे," मी म्हणाले. "तोंडावर बाँड पेपर फेकते. अंगठा आहे त्याचा." तिने पोरीची कुंची सारखी केली. मग उठली.

मंगळवारच्या आधी खात्री करावी म्हणून मी तो कागद घेऊन एका वकीलसाहेबांकडे गेले. वय झालेलं, हैदराबादेत शिकलेले, आमच्या घराशी वडलांपासूनचे संबंध. मी त्यांना चाचा म्हणायची. त्यांनी चष्मा लावून कागद वाचला, दोनदा वाचला आणि चहा सांगितला. चाचांनी चहा सांगितला की समजावं, गाडी रुळावरून घसरलीय.

"बेटा, हा कागद तुला कोणी मागितला होता?"

"कोणी नाही. आपणच सावध असावं म्हणून."

"कमाल आहे. ऐक. कायद्यात नवरा-बायको नांदत असताना झालेलं मूल नवऱ्याचंच धरतात. रक्त कोणी विचारत नाही. आता कोणाला म्हणायचं असेल की याचं नाही, तर त्याने हे दाखवायला पाहिजे की त्या दिवसांत दोघांची गाठ पडणं शक्यच नव्हतं. बस, एवढाच सवाल. सही नको, अंगठा नको. दोघं एका छपराखाली असते, तर थोरला भाऊ डोकं आपटून मेला असता तरी काही करू शकला नसता." त्यांनी कागदावर बोट ठेवलं. "आणि तू काय केलंस? त्यालाच दूर पाठवलंस. आणि वर बीज त्याचं नाही, याचा सबूत स्वतःच्या हाताने लिहून ठेवलास."

मी म्हणाले, "पण मूल माझंच मानीन असं त्याने लिहून दिलंय."

"त्याने दिलंय, पण भाऊ कुठे देतोय? उद्या हा मेला, तर भाऊ वाटणीसाठी हाच कागद घेऊन कोर्टात येईल. अशा मुलांसाठी आपल्याकडे कायदाच नाही अजून. जज कुठल्या बाजूला जाईल, मलाही सांगता येणार नाही. आज तो फक्त बोटं मोजतोय. कागद दाखवलास तर तूच त्याच्या हातात कोलीत देतेस." मग त्यांनी कागद उलटा करून बघितला. "आणि त्या बाईची सही कुठे आहे?"

बाईची सही नव्हती. नमुन्यात तिची जागाच नव्हती. ज्या बाईच्या पोटात मी ते बीज सोडलं, तिला मी तोंडी विचारलं होतं, पण कागदावर विचारायचं मला सुचलं नव्हतं. तो नमुना अख्ख्या जिल्ह्याने वाचला होता, आणि एकाही डॉक्टरला ते खटकलं नव्हतं. पुढे मी एकेकाला फोन करून त्या झेरॉक्स फाडायला लावल्या. पण त्या दिवशी चाचांसमोर मी तो कागद घडी करून पर्समध्ये टाकला. लाज वाटली, सरळ लाज.

"मग मंगळवारी मी काय करू?"

"पेशंटची गोष्ट सांगणार नाही म्हण, ते तुझं कामच आहे. बाकी तुझ्या हातात काही नाही. कोर्टात गेलं काय आणि पंचांत गेलं काय, तो फडावरून हलला की नाही हे कोण सांगेल? मुकादम सांगेल ते टोळीचं सांगेल. त्या एका माणसाचं पक्कं कोणाला माहीत? कोयत्यातल्या जोडीदाराला."

"म्हणजे त्याच्या बहिणीला."

"हां. तिलाच."

मंगळवारी ते आले. मी कंपाउंडरला दार लावायला सांगितलं. थोरला पांढऱ्या टोपीत, खुर्चीत ऐसपैस. धाकटा, म्हणजे तिचा नवरा, भिंतीला टेकून उभा. ती पोरीला घेऊन स्टुलावर. आणि बहीण दाराशी, पदर तोंडावर ओढून, भावजयीकडे पाठ करून. तिच्या हातांवर उसाच्या पात्याचे बारीक वळ होते, वर्षानुवर्षांचे.

थोरला गोड बोलत होता. दुकानदार माणूस. "बाई, तुमी शिकल्या-सवरल्या, आमी अडाणी. पन बोटं आमालाबी मोजता येतात. दसऱ्याला ह्यो गेला. पाडव्याला आला. पोरगी भादव्यात. बसवा हिशोब तुमीच."

मी म्हणाले, "पेशंटची माहिती मी दुसऱ्या कोणालाही देत नाही. सख्ख्या भावालासुद्धा नाही."

"नका देऊ," तो म्हणाला. "झाकता म्हंजी हायच काहीतरी."

  कपाटाची किल्ली माझ्या खिशात होती आणि तिचा काडीचा उपयोग नव्हता. तेवढ्यात भिंतीजवळून आवाज आला.

"मी आलतो."

सगळ्यांनी वळून बघितलं. तो माणूस माझ्या दवाखान्यात तोवर सगळी मिळून दहा वाक्यं बोलला असेल.

थोरला म्हणाला, "कवा आलतास?"

"मार्गशीर्षात. कारखान्याचं मशीन मोडलतं, चार रोज तोड बंद व्हती. टोळी बसून व्हती. मी बीडला आलतो, मावशीकडं."

"मंग मला कावून सांगितलं न्हाई?"

"बायकोकडं आलतो. त्यात तुला काय सांगायचं?"

तो आला नव्हता, हे मला माहीत होतं. त्याच्या बायकोला माहीत होतं. ती खाली मान घालून पोरीचा हात धरून बसली होती. थोरल्यालाही शंका होतीच. तो सावकाश बहिणीकडे वळला.

"तू संगं व्हतीस. एका कोपीत. तूच सांग समद्यांम्होरं. आलता का ह्यो?"

तिने पदर मागे सारला. भावाकडे बघितलं. बाहेर कोणी तरी नंबर विचारत होतं. तिचा भाऊ फडावरून एक दिवसही हलला नव्हता, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? वहिनीने भावाला फसवलं, या रागावर तिने तीन आठवडे काढले होते. आणि तो भाऊच आता तिच्या तोंडावर खोटं बोलत होता, डोळ्याला डोळा देऊन. मला तिचा चेहरा बदललेला दिसला. त्याला सगळं माहीत आहे आणि तरी त्याला पोरगी हवी आहे, एवढं तिला त्या क्षणी कळलं. कसं, कुठून, कोणाचं, हे तिने तेव्हाही विचारलं नाही आणि पुढेही कधी विचारलं नाही.

"आलता की," ती म्हणाली. "म्याच भाकरी बांधून दिलत्या."

थोरल्याने टोपी काढून मांडीवर ठेवली.  बहीण त्याच्यापुढून सरळ स्टुलापाशी गेली.

"आण हिकडं," वहिनीला म्हणाली, आणि पोरीला उचलून घेतलं. पाळणा नव्हता, घुगऱ्या नव्हत्या, भोवती बायका नव्हत्या. तिथेच, माझ्या टेबलाच्या कडेला उभी राहून, तिने पोरीच्या कानाशी तोंड नेलं.